येनानच्या गुहांतील सोलापूरचा डॉक्टर

ज्या हजरतगंजात आजची ही सभा भरली आहे, तेथील मोठ्या टपाल कचेरीची इमारत सर्वांच्याच परिचयाची आहे. तिच्या जागी पूर्वी रिंग थिएटर होते व काकोरी कटाचा खटला तेथे चालला, याचे स्मरण पत्र टाकावयास येणाऱ्यांपैकी किती जणांना होत असेल? क्रांतीमुळे नावारूपास आलेल्या शहरांना भेट देणाऱ्यांची हीच अडचण असते. जे पाहावयाचे, ते बहुधा नाहीसे झालेले असते.

चीनमधील येनान हे असेच एक शहर. जानेवारी १९३७ पासून मार्च १९४७ पर्यंत चिनी कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे तेथे होते. आजचा प्रवासी टेकडीवरील नऊ मजली पॅगोडा आणि नेत्यांची जतन केलेली निवासस्थाने पाहतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस फेब्रुवारी १९३९ मध्ये पोहोचले, तेव्हाचे येनान निराळे होते. आदल्या नोव्हेंबरपासून जपानी विमानांनी बाँब टाकून जुने शहर उद्ध्वस्त केले होते आणि वस्ती टेकड्यांच्या पोटात शिरली होती. तेथील पिवळी माती उभी कापली तरी ढासळत नाही. तीत कमानदार खोली कोरावी, तोंडाशी लाकडी चौकट बसवून तिला कागद चिकटवावा, की घर झाले. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. शाळा अशाच, कचेऱ्या अशाच आणि रुग्णालयही असेच.

काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाने १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई सोडली. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. येनानला जाण्यापूर्वीच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकते? तरीही ते पुढे गेले.

शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणीसांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांचा येनानमधील मुक्काम मात्र जेमतेम नऊ महिन्यांचा होता, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते आघाडीकडे निघाले. डॉ. बसू पुढे येनानला परतले. कोटणीस आघाडीवरच राहिले. तेथे १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. भारत व चीन या दोन्ही देशांच्या नावांतून ज्याचे ‘इनहुआ’ हे नाव घडविले होते, तो त्यांचा मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

त्यांची समाधी येनानला नाही. ती शिजियाच्वांग येथे आहे.