गाडीतून फोटो काढताना



परवा आम्ही मुंबईहून मुक्ताईनगरला परत आलो. कसाऱ्याला आमच्या गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली. तिथून इगतपुरीपर्यंत घाट आहे. दर ३७ फुटांना रूळ १ फूट वर चढतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात! आम्ही खिडकीतून मोबाइलवर फोटो काढला.

एक पोरगा मात्र दारातून बाहेर वाकला. समोरून खांब आला. एका आजीने त्याला सदरा धरून आत ओढले. ती म्हणाली, “पोरा, फोटो पुन्हा काढशील. जीव कुठून आणशील?”

मंडळी, फोटो जरूर काढा. पण बसल्या जागेवरून काढा. रुळांवर जाऊ नका, तो गुन्हा आहे. डब्याच्या टपावर चढू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट वीज असते. तारेला हात न लावताही, नुसते फार जवळ गेले तरी तिचा झटका बसू शकतो.