खेळणाऱ्या मुलींना गोळ्या की घास?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरसाल बाहेरच्या कोणीतरी विदुषी येऊन बोलतात. यंदा कार्यकारिणीने हा मान घरातल्याच बाईला दिला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. विषयही घरातलाच आहे. आपल्या आळीतल्या बारा मुली कबड्डी खेळतात. मागल्या बैठकीत अशी सूचना आली की, मंडळाच्या शिलकेतून या मुलींना दरमहा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची एकेक बाटली द्यावी. सूचना मायेपोटी आलेली आहे, हे आधीच सांगते. पण पैसा साऱ्यांचा आहे आणि शरीरे कोवळ्या मुलींची आहेत. तेव्हा ठराव होण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, एवढ्यासाठी मी उभी आहे. मी काही डॉक्टरीणबाई नव्हे. आरोग्य केंद्रात जाऊन विचारले, मुलीकडून वाचून घेतले आणि उरलेले चुलीपाशी रोज दिसते, तेच सांगते.

जीवनसत्त्वे म्हणजे शक्ती, अशी आपली समजूत झाली आहे. ती बरोबर नाही. शक्ती येते भाकरीतून, भातातून, तेलातुपातून. स्नायूंची बांधणी होते डाळीतून, दुधातून, अंड्यामासळीतून. जीवनसत्त्वे आणि लोह, कॅल्शियम यांसारखी खनिजे अन्नाचा उपयोग होण्यासाठी, रक्तासाठी, हाडांसाठी लागतात, पण लागतात अगदी थोडी. आमटीतल्या मिठासारखे त्यांचे आहे. मीठ घातले नाही तर आमटी घशाखाली उतरत नाही. पण मूठभर जास्त घातले म्हणून ती दुप्पट रुचकर होत नाही. जेवढे हवे तेवढे पडले की काम झाले.

आपल्या देशात या शास्त्राचा आरंभच मुळी उणिवेतून झाला. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी एक छोटीशी शाखा निघाली. तीच वाढत वाढत पुढे १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. बेरीबेरी कशाने होत होता? तांदूळ फार सडून पांढरा शुभ्र करायचा, कोंड्याबरोबर ‘ब-१’ जीवनसत्त्व टाकून द्यायचे आणि तोच भात मुख्य अन्न म्हणून खायचा, याने. ‘ब-१’ पुन्हा पोटात गेले की आजारी माणूस सुधारे. पण ज्याला ती उणीव नाही, त्याला तेच जीवनसत्त्व अधिक देऊन तो पहिलवान होत नाही. सगळ्या विषयाचे सार एवढ्यात आहे. उणीव असेल तर गोळी औषध आहे. उणीव नसेल तर तो खर्च आहे.

आता कोणी म्हणेल, खेळणाऱ्या मुलीची गरज घरात बसणारीपेक्षा जास्त नाही का? आहे. घाम जातो, दम लागतो, भूकही वाढते. पण भूक वाढली की मुलगी जास्त जेवते आणि अन्न चांगले असेल तर त्या जास्तीच्या घासाबरोबर जीवनसत्त्वेही जास्त येतात. निसर्गाने ही सोय करून ठेवलेली आहे. ती बिघडते कधी? वाढलेली भूक बिस्किटे, वेफर आणि गोड पेये यांवर भागवली तर. पोट भरते आणि गरज तशीच राहते.

आपल्या फडताळात काय आहे ते पाहा. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला १०५० मिलिग्रॅम लागते. म्हणजे नाचणीच्या दोन चांगल्या भाकऱ्यांत तिसरा हिस्सा निघाला. उरलेल्याला दूध आहे, ताक आहे, तीळ आहेत. खाणाऱ्यांना काट्यासकट खायची बारीक मासळी आहे. ‘क’ जीवनसत्त्वाला एक पेरू किंवा आवळा पुरे. दिवसाची गरज भागून उरते. मोड आलेली मटकी, शेंगदाणे, गूळ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, यांपैकी कोणती वस्तू आपल्या बाजारात मिळत नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले होऊ नये.

कोणी असेही म्हणतात की, घेतल्या गोळ्या तर बिघडले काय? याचेही उत्तर मी विचारून आले. ‘क’सारखी पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वे जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे निघून जातात; म्हणजे पैसा मोरीत गेला. पण ‘अ’ आणि ‘ड’ शरीरात साठून राहतात आणि फाजील झाली तर अपाय करतात. लोहाचेही तसेच, ज्याच्या रक्तात ते पुरेसे आहे त्याने उगीच घेऊ नये. नॉर्वेत चौपन्न तरुण-तरुणींवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. अकरा आठवडे सर्वांनी धावण्याचा वगैरे सराव केला. निम्म्यांना ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. दम दोन्हींकडे सारखाच वाढला. उलट, सरावाने स्नायूंत जे चांगले बदल व्हायचे, त्यांतले काही खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत कमी दिसले. अति तेथे माती म्हणतात, ते असे.

आणखी एक धोका आहे आणि तो स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींच्या आयांनी नीट ऐकावा. डब्यावर जे छापलेले असते तेवढेच डब्यात असते, असे नाही. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या प्रयोगशाळेने २००० आणि २००१ साली तेरा देशांतून अशी ६३४ पूरक उत्पादने आणून तपासली. त्यांतल्या ९४ मध्ये वेष्टनावर न लिहिलेली, खेळात बंदी असलेली संप्रेरके सापडली. म्हणजे दर सातांत एक. खेळाडूच्या लघवीत असे काही निघाले, तर ‘मला ठाऊक नव्हते’ या सबबीवर ती सुटत नाही. पोटात काय गेले याची जबाबदारी तिचीच, असा नियम आहे. वर्षानुवर्षांची मेहनत एका डब्यापायी वाया जाऊ शकते. आपण हौसेने दिलेल्या बाटलीपायी ही पाळी आपल्या मुलीवर यावी काय?

येथवर ऐकून कोणाला वाटेल की, ही बाई साऱ्या गोळ्यांच्या विरुद्ध आहे. तसे नाही. आमच्या आळीतले एक आजोबा नेहमी म्हणतात, ‘गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणले, ते काय गोळ्या खाऊन?’ बोलणे ऐकायला गोड लागते. पण एका थोर मल्लाच्या गोष्टीवरून आपल्या बारा मुलींच्या रक्तात काय आहे, ते कळत नाही. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक झाला. मुलींचा आणि मुलांचा असे दोन्ही चषक भारताने जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हा आपल्या मुलीही मोठे स्वप्न पाहणार, आणि पाहावेच. पण मोठ्या पातळीवर रक्त तपासून, डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जे दिले जाते, त्याची नक्कल दुकानातून बाटली आणून होत नाही.

खरी उणीव कोठे असते, ते आता सांगते. पहिली उणीव लोहाची. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात चोपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या सभागृहात उजवीकडे एक आणि डावीकडे एक बघितले, तर दोघींतली एक निघायची. अशा मुलीला धाप लागते, पाय गळतात, चढाईला जायचे बळ राहत नाही. आणि आपण म्हणतो, पोरगी आळशी झाली.

येथे एक हिशेब मनात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या कोष्टकाप्रमाणे मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ३२. ती वाढत असते आणि महिन्याच्या पाळीत तिचे रक्त जाते, म्हणून. आता आपल्या घरातली पंगत डोळ्यांपुढे आणा. आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी आपण. डाळीचा दाट भाग वर, पातळ भाग खाली. मटणाचे तुकडे आधीच्या पानांत, रस्सा नंतरच्या. जिला सर्वांत जास्त लोह हवे, तिच्या पानात सर्वांत कमी पडते. ही उणीव बाटलीने भरायची की पळीने? पळी तर आपल्याच हातात आहे.

दुसरी उणीव ‘ड’ जीवनसत्त्वाची. आपल्याकडे ऊन पुष्कळ. पण पहाटे किंवा दिवस मावळताना सराव करायचा आणि उरलेला वेळ शाळेच्या छपराखाली बसायचे, अशा मुलींच्या अंगावर पुरेसे ऊन पडतेच असे नाही. तिसरी ‘ब-१२’ची. हे जीवनसत्त्व अंडी, मासळी, मांस आणि दूधदुभत्यातूनच मिळते. ज्या घरी सामिष नाही आणि मुलगी दूध-दह्यालाही नाक मुरडते, तेथे ते हमखास कमी पडायचे. या तीन उणिवा खऱ्या असल्या, तर औषध घ्यायलाच हवे. नुसत्या पालेभाजीवर भागवू नये. पण ते डॉक्टरांनी तपासून, मात्रा ठरवून. रंगीत बाटलीतल्या गोळीत सर्व काही चिमूटचिमूट असते. अंगात रक्त फार कमी असले तर तेवढ्या चिमटीने ते भरून येत नाही, आणि ‘गोळी चालू आहे’ या समाधानात खरे कारण राहून जाते. कोणाच्या पोटात जंत असतात, कोणाला पाळीत फार रक्तस्राव होतो.

शाळेत आठवड्याला जी लोहाची निळी गोळी मिळते, ती सरकारी मोहिमेतली असते आणि फुकट असते. मळमळते म्हणून पुष्कळ मुली ती दप्तरात टाकतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, हे आपण त्यांना समजावून सांगू शकतो. तसेच, जेवणावर लगेच चहा देऊ नये. अन्नातले लोह त्याने वाया जाते, तासाभराचे अंतर ठेवावे. उसळीवर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी जास्त लागते. लोखंडी कढईतल्या भाजीतही थोडे लोह उतरते. आपल्या सासवांची कढई भंगारात देऊ नका.

एक गोष्ट बाहेर बोलत नाहीत, पण हे आपले मंडळ आहे, म्हणून बोलते. सराव वाढला, जेवण वाढले नाही आणि मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर ‘बरे झाले, खेळाला अडथळा नाही’ असे म्हणू नका. शरीराला खर्चापुरते अन्न मिळत नाही, असा तो इशारा असू शकतो. पुढे हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चिरा जातात. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायचे आणि ताटात भर घालायची. कोणतीही गोळी जेवणाची जागा घेत नाही.

आता मंडळाच्या पैशाकडे येते. आपल्या दुकानात तीस गोळ्यांची बाटली साडेचारशे रुपयांना आहे. बारा मुलींच्या बारा बाटल्या, म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये. मी अंड्याचा भाव विचारला. नगाला सात रुपये. बारा मुलींना रोज दोन अंडी, तीस दिवस, म्हणजे ७२० अंडी आणि ५,०४० रुपये. उरलेल्या ३६० रुपयांत लिंबे येतील. ज्या मुली अंडी खात नाहीत, त्यांना तेवढ्याच पैशांत दूध, भिजवलेले शेंगदाणे आणि उसळ देता येईल. सराव संपल्यावर मैदानाच्या कडेला, आपल्यापैकी दोघीदोघींनी पाळीपाळीने उभे राहून समोरच खाऊ घालायचे. कोण खाते आणि कोण मागे राहते, हेही त्यात आपोआप कळेल.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. पहिल्या महिन्यात बाराही मुलींना आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्यावे. जिचे हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी निघेल, तिचे औषध डॉक्टर सांगतील तसे सुरू करावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. कोणाला ‘ड’ची किंवा ‘ब-१२’ची गोळी लागली आणि घरी ऐपत नसली, तर ती मंडळाने जरूर घेऊन द्यावी. बाकीचा पैसा खाण्यावर खर्च करावा. आणि प्रत्येक आईने आपल्या घरी एवढे करावे की, ज्या दिवशी सराव असेल त्या दिवशी मुलीचे पान पहिल्या पंगतीला मांडावे. याला मंडळाच्या तिजोरीतली पै लागत नाही. घरातले कोणी कुरकुरले, तर मंडळाचा ठराव आहे म्हणून सांगावे.

ही सूचना मी लेखी कार्यवाह बाईंकडे दिलेली आहे. पुढच्या बैठकीत ती चर्चेला येईल तेव्हा ज्यांच्या मुली खेळतात आणि ज्यांच्या खेळत नाहीत, अशा सर्व जणींनी यावे.