एका दाराला दोन पहारेकरी

(वाळूज येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या वाळूजमध्ये बहुतेक घरांत कोणी ना कोणी कंपनीत शिफ्ट करतं. अशा घरात कॉम्प्युटर येतो तो बहुधा जुना, एकच आणि सगळ्यांचा. अब्बांचे बँकेचे व्यवहार त्यावर, आपाच्या मार्कशीट त्यावर आणि धाकट्याचे गेमही त्यावरच. त्यामुळे तो बंद पडला की अख्ख्या घराचं काम अडतं.

मागे एका घरी असाच कॉम्प्युटर बघायला गेलो. मुलीला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता, दोन दिवस उरले होते आणि मशीन सुरू व्हायलाच वीस मिनिटं लागत होती. सगळे म्हणाले, व्हायरस आहे. उघडून पाहिलं तर आत दोन अँटिव्हायरस! एक विकणाऱ्याने टाकलेला, मुदत संपलेला. दुसरा भावाने फुकट मिळाला म्हणून उतरवलेला. प्रत्येक फाइल दोघेही तपासत होते. एका दाराला दोन पहारेकरी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची दोनदा झडती. चोर मात्र आत नव्हताच.

दोन्ही काढले. एक निघेना, तेव्हा त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरचं ते काढून टाकण्याचं टूल चालवलं. रीस्टार्ट केल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू झाला. तो अपडेट करून पूर्ण स्कॅन केला. फॉर्म वेळेत गेला.

मग अँटिव्हायरस निवडायचा कसा? पहिली गोष्ट, एका वेळी एकच. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच असतो आणि साध्या घरगुती वापराला तो बहुतेकदा पुरतो. लहान मुलांवर लक्ष ठेवण्याची सोय किंवा फोनवर मदत हवी असेल, तर विकत घ्या. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी उभी केलेली 'क्विक हील' आपल्याच राज्यातली आहे. पण आपली म्हणून डोळे झाकून घेऊ नका. जर्मनीतली 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातली 'एव्ही-कम्पॅरेटिव्ज' या प्रयोगशाळांचे निकाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ते बघून ठरवा.

फुकटचंही नीट पारखून घ्या. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 'अवास्ट' या अँटिव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

दुसरी गोष्ट, अपडेट. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातल्या कॉम्प्युटरांमधल्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. 'नंतर करू' म्हणणारे अडकले. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हेही घरी जाऊन तपासा.

तिसरी गोष्ट, क्रॅक. 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा' असं सांगणारी फाइल म्हणजे 'पहारेकऱ्याला झोपवा, मग मी येतो' असं सांगणारा पाहुणा. त्याला दार उघडू नका. मार्कशीट, दाखले यांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि काम झालं की तो काढून ठेवा. स्क्रीनवर 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असं आलं तर फोन करू नका, ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो.

शेवटचं बोलतो, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. घरात मुलीने चुकीच्या लिंकवर क्लिक केलं की बरेचदा तिचा कॉम्प्युटरच बंद होतो. भावाने क्रॅक टाकला तर त्याला दोन शब्द ऐकवून सोडून देतात. म्हणून मुली चूक लपवतात, आणि लपवण्यात वेळ जातो. पैसे गेले असतील तर पहिले काही तासच मोलाचे असतात. लगेच १९३० वर फोन करायचा असतो. 'अम्मी, माझ्याकडून क्लिक झालं' हे न घाबरता सांगता येईल असं घर करा. ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, ते आपल्यालाच करावं लागेल.