एम.ए. अर्थशास्त्र : आता एका वर्षात

अर्थशास्त्राच्या पदवीनंतर एम.ए.ला दोन वर्षं द्यायलाच हवीत, असं आता राहिलेलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्यांना पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळू शकते. तीन वर्षांच्या पदवीनंतर मात्र दोन वर्षं लागतात.

वेळ वाचला, तरी अभ्यास हलका होत नाही. कांद्याची आवक वाढली की लासलगावच्या बाजारात भाव किती घसरतो, हे अर्थमितीनं मोजता येतं. पण त्यासाठी कॅलक्युलस आणि संख्याशास्त्र पक्कं हवं. तो पाया पदवीच्या वर्षांतच घाला.

विद्यार्थ्यांनो, एक वर्षाचा अभ्यासक्रम तुमच्या विद्यापीठात आहे का, याची चौकशी तिसरं वर्ष संपण्याआधीच करा. चौथ्या वर्षाचा निर्णय त्यावरच ठरेल.