एकांत आणि सभाभीती



चारचौघांत ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, त्याला ‘बुजरा’ म्हणून आपण मोकळे होतो. १८९१ साली विलायतेहून परतलेले बॅरिस्टर गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीस उभे राहिले आणि एकही प्रश्न न सुचता खाली बसले. पुढे त्यांनीच प्रचंड सभांतून भाषणे केली आणि दर सोमवारी मौनही पाळले. सभा आणि मौन एकाच आयुष्यात नांदू शकतात!

मात्र एकांत हा विसावा असावा, पळवाट नव्हे. छाती धडधडू लागली, तर खुशाल व्हरांड्यात जावे, श्वास सावकाश सोडावा. पण परत यावे. जो परतत नाही, त्याची भीती घरबसल्या वाढते. आणि जो परततो, त्याची खुर्ची आपण राखून ठेवावी. ‘कुठे गेला होतात?’ असे न विचारता.