शिकाऊ हातांचं काम



 कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या सनदी लेखापालांच्या व्यवसायाचं भवितव्य हा यंदाच्या परिषदेचा विषय आहे. दोन दिवस सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिकं होतील, जाणकार माहिती देतील. मला या विषयाच्या एकाच बाजूविषयी बोलायचं आहे, आणि ती बाजू म्हणजे मागच्या रांगांमध्ये बसलेली, आर्टिकलशिप म्हणजे शिकाऊ उमेदवारी करणारी मुलंमुली.

२०१३ साली ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑसबोर्न या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांचा अभ्यास केला. कोणता व्यवसाय संगणकाच्या हाती जाण्याची शक्यता किती, याचा त्यांनी अंदाज बांधला. लेखापाल आणि लेखापरीक्षकांसमोर त्यांनी आकडा लिहिला होता ९४ टक्के. त्यानंतर आपल्याकडे काय घडलं ते आपण जाणतोच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मागोमाग ई-इनव्हॉइस आलं, फेसलेस असेसमेंट आलं, प्रत्येक सहीला यूडीआयएन क्रमांक आला. काम कमी तर झालं नाहीच, सप्टेंबर महिन्यात घरी जेवायला जाणं मुश्कील झालं. म्हणून आपल्यातले पुष्कळजण आज निर्धास्त आहेत. टॅली आली तेव्हाही लोक असंच म्हणत होते, असं ते सांगतात.

हा दिलासा मला पुरेसा वाटत नाही. टॅलीला नोंद माणूसच पुरवत होता. बिल कशाचं आहे, ते कोणत्या खात्याला टाकायचं, त्यावरचं क्रेडिट मिळेल की अडेल, हे मनाशी ठरवून मग तो कळ दाबायचा. आत्ताची प्रणाली बिलाचा फोटो स्वतः वाचते, खातं स्वतः सुचवते. बँकेचं स्टेटमेंट दिलं की वर्षभराच्या नोंदी लावून देते, जीएसटीच्या ‘टू-बी’ विवरणाशी खरेदीचा मेळ घालते, फरकांची यादी काढते, आणि नोटिशीचं उत्तर सफाईदार इंग्रजीत लिहून ठेवते. आपण नमुना म्हणून शंभरातली पाच व्हाउचर तपासत होतो, ती शंभरच्या शंभर पाहते, आणि दमत नाही. हे सामर्थ्य खरं आहे. त्याचा मला आनंदही आहे, कारण आपल्या व्यवसायातले फार तास नुसत्या आकडेमोडीत गेले आहेत.

पण ही यादी पुन्हा एकदा ऐका. बिलं लावणं, व्हाउचिंग, पोस्टिंग तपासणं, बँक रिकन्सिलिएशन, फरकांची यादी, उत्तराचा पहिला मसुदा. यातलं काय तुम्ही करता? माझ्यासारखा पिकल्या केसांचा माणूस तर यातलं काहीच करत नाही. हे सगळं आपल्या कार्यालयात आर्टिकल करतात. यंत्र आपल्या खुर्चीपाशी अजून पोहोचलेलं नाही. ते पोहोचलं आहे त्यांच्या टेबलापाशी.

आपण ज्याला व्यावसायिक निर्णयशक्ती म्हणतो, ती त्याच टेबलावर घडते. पुस्तकात ती मिळत नाही, परीक्षेत तिचं गुणपत्रक येत नाही. माझ्या आर्टिकलशिपच्या काळात एका पतसंस्थेचं ऑडिट होतं. पिग्मीची खाती तपासायला सरांनी मला बाजारात पाठवलं. ठेवीदारांची यादी हातात, एकेकाकडे जायचं, त्याचं कार्ड बघायचं आणि संस्थेतल्या खात्याशी ताडायचं, एवढंच काम. एका भाजीवालीच्या कार्डावर महिन्याच्या सगळ्या नोंदी एकाच शाईच्या, एकाच तिरक्या वळणाच्या दिसल्या. रोज उन्हात उभं राहून घाईघाईने लिहिलेली अक्षरं अशी नसतात. मी तिला विचारलं, एजंट रोज येतो का? ती म्हणाली, पैसे रोज नेतो, कार्ड मात्र कधीतरी भरून देतो. खात्यातली रक्कम कार्डापेक्षा कमी होती. पुढची चौकशी ज्यांनी करायची त्यांनी केली. त्या दिवसापासून मला कागद वेगळा दिसू लागला. आकडा जुळतो का, याच्या आधी तो आकडा कुणी, कुठे आणि कसा लिहिला असेल, हा प्रश्न मनात येऊ लागला.

आज पिग्मीची वसुली यंत्रावर होते, पावती जागेवर निघते, वेळेची नोंद आपोआप पडते. एकाच बैठकीत भरलेल्या नोंदी संगणक माझ्याआधी पकडेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझा प्रश्न त्या एका भानगडीपुरता नाही. पुढच्या वेळी भानगड नव्या रूपात येईल, तेव्हा ती ओळखणारा माणूस तयार कुठे होणार?

अशी रूपं आपण पाहिली आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि मुंबईतले, महाराष्ट्रातले ठेवीदार शाखांच्या दारात रडताना आपण पाहिले. एचडीआयएल समूहाची थकलेली कर्जं झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक खोटी कर्जखाती दाखवण्यात आली होती. तपासायला दिलेली यादीच खोटी होती. यादी जेवढी व्यवस्थित, तेवढा तिच्यावर चालणारा हिशेब व्यवस्थित. अशा यादीवर आजची सर्वांत हुशार प्रणाली बसवली असती, तरी तिने त्या २१ हजार खात्यांची चोख बेरीज करून दिली असती. ही खाती खरी आहेत का, हे कर्जदाराच्या दारात जाऊनच कळलं असतं. प्रकरण उजेडात आलं तेही बँकेच्या आतल्या काही कर्मचाऱ्यांनी तोंड उघडलं म्हणून. माणसं माणसांशी बोलतात, आणि ज्याला प्रश्न विचारता येतो त्याच्याशी जास्त बोलतात. आपल्या व्यवसायाचा अर्धा भाग हा आहे.

दुसरा अर्धा भाग म्हणजे वाचन. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. राष्ट्रीय फेसलेस असेसमेंट केंद्राच्या त्या आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनी पुढे केलेल्या निकालांवर डोळे मिटून विसंबू नका, वापरण्याआधी ते तपासा, असं न्यायालयाने बजावलं. त्याआधी प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाला डिसेंबर २०२४ मधला आपला एक आदेश असल्याच कारणाने मागे घ्यावा लागला होता. ही प्रणाली खोटं बोलावं म्हणून बोलत नाही. पुढे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधत ती वाक्य रचते. म्हणून तिने रचलेल्या निवाड्याला पक्षकारांची नावं असतात, वर्ष असतं, परिच्छेदही असतो. तो निवाडा नाही, हे ज्याने मूळ निवाडे हाताळले आहेत त्यालाच खटकतं. खटकणं ही सवय आहे, आणि ती शेकडो कंटाळवाणे कागद वाचून लागते. मुलांनो, तुम्हाला कंटाळवाणं काम देताना तुमच्या सरांच्या मनात नेहमीच एवढा उदात्त विचार असतो, असं मी म्हणणार नाही. पण कंटाळवाण्या कामातून ती सवय लागते, हे खरं आहे.

आता पैशाबद्दल बोलू. तालुक्याच्या गावातला एखादा सनदी लेखापाल दोन आर्टिकल ठेवतो. एका सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी त्यांच्या विद्यावेतनापेक्षा स्वस्त पडते. सॉफ्टवेअर परीक्षेची रजा मागत नाही, शिकून दुसरीकडे जात नाही. पुढच्या वर्षी त्याने एकच आर्टिकल घेतला, तर त्याला दोष कसा देणार? त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. पण आपण सगळ्यांनी हाच हिशेब केला, तर दहा वर्षांनी यंत्राचं काम तपासून खाली सही करणारा माणूस कोणत्या कार्यालयातून येईल? सनदी लेखापालाच्या सहीखालचा यूडीआयएन यंत्राच्या नावे निघत नाही. चुकलं तर जबाब माणसालाच द्यावा लागतो. आधीच सनदी लेखापालांच्या इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. या दोन वर्षांतलंही शिकण्याजोगं काम यंत्राने उचललं, तर उरेल काय? यंत्राने दिलेला कागद पुढे सरकवणं. त्याला शिक्षण म्हणता येणार नाही.

मोठ्या शहरांतल्या मोठ्या फर्म आपापली प्रशिक्षण केंद्रं काढतील, त्यांच्यापाशी साधनं आहेत. मला काळजी आहे ती लातूर, धुळे, सावंतवाडीच्या कार्यालयांची. प्राथमिक शिक्षकाची मुलगी, कापड दुकानदाराचा मुलगा, शेतकऱ्याच्या घरातलं पहिलं शिकलेलं पोर, यांना आपल्या व्यवसायाचं दार उघडलं ते गावातल्याच एखाद्या सरांनी आर्टिकल म्हणून घेतलं म्हणून. ओळख नाही, इंग्रजी कच्चं, खिशात पैसे नाहीत, तरी काम करता करता ती शिकली. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जण असेच आले आहेत. ते दार अरुंद होऊ द्यायचं नाही, यावर माझा सगळा भर आहे.

आणि या मुलांना यंत्राचा खरा फायदाही आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला कायदा नीट कळलेला असतो, मुद्दा सापडलेला असतो, पण नोटिशीचं उत्तर इंग्रजीत लिहिताना तिचा हात अडखळतो. लाल शाईने भरलेला मसुदा परत आला की ती खचते. मी कित्येक हुशार मुलं याच एका कारणाने मागे पडलेली पाहिली आहेत. आता तिने मुद्दे मराठीत लिहावेत, भाषा यंत्राने नीट करावी, आणि तिने ती पुन्हा तपासावी. मुद्दे तिचे असले, तर यात मला काहीही गैर वाटत नाही. कार्यालयातले सर कामात बुडालेले असताना जो प्रश्न विचारायची भीती वाटायची, तो प्रश्न ती रात्री अकरा वाजता यंत्राला विचारू शकते. उत्तर खरं आहे का, हे सकाळी मूळ कलम उघडून पाहायची शिस्त मात्र आपण तिला लावली पाहिजे.

या सभागृहात जे नाहीत, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. गावोगाव बी.कॉम. झालेल्या बायका घर सांभाळून आठ-दहा दुकानांचे हिशेब टॅलीवर भरतात. त्या कुठल्या संस्थेच्या सदस्य नाहीत. त्यांच्या वतीने परिषदेत कुणी बोलत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ च्या आपल्या अभ्यासात म्हटलं होतं की या तंत्राची सर्वांत जास्त झळ कारकुनी कामाला लागेल, आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण अधिक असेल. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे याच बायका होत्या. दुकानदाराच्या मोबाइलमध्ये नोंदी आपोआप होऊ लागल्या की पहिला फोन त्यांचा बंद होईल. त्यांना दुकान माहीत असतं, मालकाचा स्वभाव माहीत असतो, दिवाळीच्या आधी कुणाची उधारी तुंबते हे माहीत असतं. ही माहिती कोणत्याही प्रणालीत नाही. आपल्या कार्यालयांनी त्यांना बोलावून यंत्राच्या नोंदी तपासण्याचं काम, आणि त्याचा रास्त मोबदला, द्यायला हवा. यात उपकार काही नाही, आपल्यालाच त्या माहितीची गरज आहे.

मग कार्यालयात उद्यापासून काय करायचं? माझ्या कार्यालयात आम्ही असं ठरवलं आहे. नव्या आर्टिकलला पहिल्या सहा महिन्यांत एका छोट्या पार्टीची पूर्ण फाइल स्वतःच्या हाताने करायची, बिलापासून ताळेबंदापर्यंत, यंत्राशिवाय. त्यानंतर तीच फाइल यंत्राकडून करून घ्यायची आणि दोन्हींतले फरक माझ्यासमोर बसून समजावून सांगायचे. कधी मुलगा चुकलेला निघतो, कधी यंत्र, आणि दोन्ही वेळा मुलगा शिकतो. यंत्रामुळे वाचलेल्या तासांतले काही तास गोदामात, शाखेत, कर्जदाराच्या दारात घालवायचे. साठा डोळ्यांनी पाहायचा, माणसाशी बोलायचं. हे महाग पडतं. पार्टी विचारते, संगणकाने एका दिवसात होतं तर तुमची फी का उतरत नाही? तिला सांगावं लागतं की तुमच्या हिशेबावर जो सही करणार आहे, तो माणूस घडवण्याचा खर्चही यात आहे. सगळ्या पार्ट्यांना हे पटत नाही. एकट्या कार्यालयाने सांगितलं तर आणखी कमी पटतं.

म्हणून उद्या सकाळच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. आपल्यातल्या प्रत्येक कार्यालयाने पुढची तीन वर्षं आर्टिकलची संख्या आजच्यापेक्षा कमी करू नये. त्यांच्या कामाचा ठरावीक भाग प्रत्यक्ष तपासणीचा असावा. फी ठरवताना प्रशिक्षणाचा खर्च वेगळा दाखवावा. आणि या ठरावावर मत देण्याचा अधिकार आर्टिकलशिपच्या विद्यार्थ्यांनाही असावा, अशी माझी सूचना आहे, कारण निर्णय त्यांच्याबद्दलचा आहे. मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना दुरुस्त्या सुचवायच्या आहेत त्यांनी त्या आज संध्याकाळपर्यंत लेखी द्याव्यात. मागच्या रांगांतल्या मंडळींनी सर्वांत आधी द्याव्यात.