तत्कालीन की माजी?

आज ‘तत्कालीन’ या शब्दाविषयी थोडं बोलू.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्या कार्यक्रमाला ‘तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग’ आले होते. इथे ‘माजी पंतप्रधान आले होते’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, पद गेल्यावर आले असतील. ‘माजी’ हा शब्द बोलणाऱ्याच्या आजवरून ठरतो, ‘तत्कालीन’ मात्र घटनेच्या दिवसाला चिकटून राहतो.

जिल्ह्यांच्या नावांत तर गोंधळ हमखास होतो. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये बाल हुतात्मा शिरीषकुमार मेहता गोळीबारात शहीद झाला. तेव्हा हे गाव पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. पुढे त्याच जिल्ह्याला धुळे हे नाव मिळालं आणि 1 जुलै 1998 रोजी त्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे 1942ची हकीकत सांगताना ‘तत्कालीन पश्चिम खानदेश’ म्हणायचं, 1990ची सांगताना ‘तत्कालीन धुळे जिल्हा’. आता नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याचा किंवा तळोद्याचा जुना सातबारा हाती आला, की त्यावर जिल्हा धुळे दिसतो. ती चूक नव्हे.

आणि हो, ‘त्यावेळचे तत्कालीन कलेक्टर’ असंही सर्रास ऐकू येतं. ‘तत्’ म्हणजे तो, ‘काल’ म्हणजे वेळ. ‘त्यावेळचे’ त्यात आलंच की! दोन्हींपैकी एक गाळा, कोणतंही चालेल.